डोळे आले, दिसणं मागून आलं: नवव्या वर्षी मोतीबिंदू निघालेल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. कापूस आणि तूर हीच पिकं, तालुक्याला जायला दिवसातून दोन वेळा एसटी. मी समावेशित शिक्षणाची विशेष शिक्षिका म्हणून तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांवर फिरते. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात तिसरीच्या वर्गात भिंतीला टेकून बसलेली ही मुलगी मला भेटली. इथे तिला सोनी म्हणते. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत, घडलेलं मात्र जसंच्या तसं आहे.

सोनी तेव्हा नऊ वर्षांची होती. दोन्ही बुबुळांच्या मधोमध दुधासारखा पांढरा ठिपका आणि डोळे सतत डावी-उजवीकडे हलणारे. जन्मजात मोतीबिंदू. ती चार महिन्यांची असताना तो पहिल्यांदा आजीच्या ध्यानात आला. "दिव्याकडे पायेच ना पोरगी. मंग उजेडात नेली तं डोयात मोती दिसला," आजीने मला सांगितलं. तालुक्याला एका डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी "मोठी झाली की करू" असं सांगून परत पाठवलं. त्यानंतर तिला कोणी कुठे नेलं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे आणि त्याचं पथक मुलांना तपासायला वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पण सोनी अंगणवाडीत जातच नव्हती. माय वेचणीला गेली की हिला धुऱ्यावर झाडाखाली बसवायची. गावानेही ती जन्माची आंधळी आहे असं मनाशी पक्कं केलं होतं, त्यामुळे तपासायला काही उरलंय असं कोणाला वाटलं नाही.

तिला काय येत होतं ते आधी सांगायला हवं, कारण पुढची आमची सगळी चूक ते न ओळखण्यातून झाली. पावलांच्या आवाजावरून ती घरातलं माणूस ओळखायची, बंडी कोणाची ते बैलांच्या घुंगरांवरून सांगायची. तूर, हरभरा आणि मूग एकत्र केलेल्या सुपातून दाणे वेगळे करायला तिला माझ्याइतकाच वेळ लागे. कापसाचं बोंड हातात घेऊन ते कवडी आहे की चांगलं फुटलेलं, हे बाबांच्या आधी सांगे. उजेड-अंधार कळायचा, तोंडासमोर हात हलवला तर काहीतरी हललं एवढं कळायचं. तिच्या डोळ्यांची मिळकत एवढीच होती.

पहिला निर्णय: शस्त्रक्रिया करायची का, आणि कधी

ऑगस्टमध्ये तपासणीचं पथक शाळेत आलं, त्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिले. पथकातल्या डॉक्टरांनी जिल्ह्याला पाठवलं आणि जिल्ह्याने मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी काहीही लपवलं नाही. दोन्ही डोळ्यांत जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या आठ-दहा आठवड्यांत व्हावी लागते. इथे नऊ वर्षं गेली होती. डोळ्यांचं हलणं हीच त्याची खूण, कारण लहानपणी स्पष्ट चित्र न मिळाल्याने नजर स्थिर व्हायला शिकलीच नव्हती. "भिंग बदलून देऊ, उजेड आत जाईल. बारीक अक्षर वाचता येईलच असं मी म्हणणार नाही," असं ते म्हणाले.

यामागचं कारण डोळ्यात नसून मेंदूत आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी 1960 च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवला. टाके काढल्यावर तो डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या पेशी त्याला जवळजवळ प्रतिसादच देईनाशा झाल्या होत्या. मोठ्या मांजरीचा डोळा तसाच बंद ठेवला तर असं होत नव्हतं. दृष्टीच्या यंत्रणेवरच्या या कामासाठी त्या दोघांना 1981 चं नोबेल मिळालं. मेंदू जोडण्यांचा कच्चा आराखडा घेऊन जन्माला येतो, पण तो पक्का व्हायला ठरावीक काळात वापर लागतो.

घरात तीन मतं होती. आजीचा विरोध: "हाये तेवढा उजेड बी गेला तं?" माय बोलत नव्हती. बाबांना करायचंच होतं, पण दवाखान्याने दिलेली तारीख दसऱ्यानंतरची, म्हणजे ऐन वेचणीची. "मॅडम, कापूस फुटला हाये. दोघंई गेलो तं वेचन कोन? दिवाळीनंतर नाई का जमनार?" वेचणीच्या दिवसांत दोन माणसं घरातून जाणं म्हणजे काय, हे कास्तकाराच्या घरात वाढलेल्या मला सांगावं लागत नाही.

माझ्यासमोरही प्रश्न होता. शस्त्रक्रियेचा नाद सोडून तिला ब्रेलवर पक्कं करायचं आणि निवासी अंध शाळेत घालायचं, हा एक पर्याय. तो कमी प्रतीचा मुळीच नव्हता. ब्रेलचे सहा ठिपके ती तीन आठवड्यांत शिकली होती. लहानपणापासून अंध असलेले लोक ब्रेल वाचतात तेव्हा त्यांच्या मेंदूतला एरवी दृष्टीसाठी असलेला भागही कामाला लागतो, हे 1996 मध्ये दिसून आलं आहे. म्हणजे तिच्या मेंदूतली ती जागा नऊ वर्षं पडीक राहिली नसणार, तिथे दुसरं पीक उभं असणार. तिथे आता पाहणं पेरायचं होतं.

कौल देताना मला आधार मिळाला तो प्रकल्प प्रकाशचा. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या या प्रकल्पात उत्तर भारतातल्या जन्मांध मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया झाल्या आणि नंतर त्यांच्या दृष्टीचा अभ्यासही झाला. आठ, बारा, सतरा वर्षांची मुलंसुद्धा कामापुरतं पाहायला शिकली. दृष्टी पूर्ण मिळाली नाही, पण वाटचाल थांबलीही नाही. एवढं वाचून मी बाबांना सांगितलं की दिवाळीची वाट पाहू नका. एका डोळ्याच्या वेळी बाबा गेले, तीन आठवड्यांनी दुसऱ्याच्या वेळी माय. वेचणीला मामा येऊन राहिला. पथकामार्फत गेल्याने शस्त्रक्रियेचा खर्च पडला नाही, पण बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं घरातूनच गेलं.

पट्टी उघडल्यावर

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा मी तिथे होते. बाबा तिच्या पुढ्यात उभे राहिले. आवाजावरून ओळखू नये म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला होता. सोनी बराच वेळ त्या दिशेला पाहत राहिली. मग म्हणाली, "मोठं काईतरी हाये. हालून रायलं." बाबांना राहवलं नाही, ते खाकरले. "बाबा!" ती आनंदाने ओरडली आणि तिने डोळे मिटून हात पुढे केले.

बाबांचा चेहरा मला अजून आठवतो. नऊ वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणी पोरीने त्यांना कानाने ओळखलं होतं.

घरी आल्यावर अडचण वाढत गेली. अंगणात लिंबाच्या झाडाची सावली पडली की ती खड्डा समजून थबके. मायच्या छापील लुगड्यावरची फुलं तिला लुगड्यापासून वेगळ्या वस्तू वाटत आणि ती उचलायला जाई. पाटावर एकावर एक ठेवलेली गंज आणि कोपर ही भांडी तिला भलत्याच आकाराची एकच वस्तू वाटे. गोठ्यातली ठिपक्यांची गाय उभी असेपर्यंत तिच्या लेखी नव्हतीच. गायीने शेपटी हलवली, मान झटकली की सोनी म्हणे, "गाय!" ज्याला आपण एका दृष्टिक्षेपात वस्तू म्हणतो, ते तिला रंगांचे सुटे तुकडे म्हणून मिळत होतं. कुठला तुकडा कोणाचा हे जोडणारी सवय तिच्याजवळ नव्हती. प्रकल्प प्रकाशमधल्या मुलांबाबतही असंच नोंदलं गेलं आहे. एकमेकांवर आलेले आकार वेगळे काढताना ती गोंधळत, पण आकार हलायला लागला की कळायचं, कारण जे एकत्र हलतं ते एकाच वस्तूचं असतं.

मी तिला विचारलं, "दिसत नाही का गं?"

"दिसते, मॅडम. पन काय हाये ते समजत नाई."

या एका वाक्यात सगळं प्रकरण आहे, असं मला आजही वाटतं. पण गावाला ते पटण्यासारखं नव्हतं. शेजारपाजारचे येऊन तिच्यासमोर बोटं नाचवत: "सांग बरं किती?" चुकली की हसत. आठवड्याभरात तिने चष्मा काढून उतरंडीमागे लपवला. मायने मला एकटीला गाठून विचारलं, "ऑपरेशन केलं तं दिसाले पायजे ना? का वाया गेलं?"

जन्माचं किती आणि कमावलेलं किती

मायला उत्तर द्यायचं तर मला आधी स्वतःला समजून घ्यावं लागलं.

आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी 1688 मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून एक प्रश्न विचारला होता. जन्मांध माणसाला हाताने गोळा आणि घन ओळखता येतात. उद्या त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं पाहून तो ओळखेल का? तीनशे वर्षं हा तत्त्वज्ञांच्या वादाचा विषय होता. 2011 मध्ये रिचर्ड हेल्ड, पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी तो नव्याने दृष्टी आलेल्या 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांना प्रत्यक्ष विचारला. शस्त्रक्रियेनंतर लगेच, दोन दिवसांच्या आत, पाहिलेलं पाहिलेल्याशी आणि चाचपलेलं चाचपलेल्याशी त्यांना जुळवता येत होतं. चाचपलेलं पाहिलेल्याशी मात्र जुळेना, जवळजवळ अंदाजच. पण थोड्याच दिवसांत जुळायला लागलं. हात आणि डोळा यांचं नातं जन्मतः बांधलेलं नसतं, पण बांधण्याची तयारी मात्र शाबूत असते.

काही गोष्टी बाळ घेऊनच येतं, हेही खरं. जन्मल्यानंतर काही मिनिटांतच बाळं चेहऱ्यासारख्या आकृतीमागे डोळे आणि मान जास्त वळवतात. पण ती सुरुवात जोपासली नाही तर काय होतं, हे 2001 मधल्या एका अभ्यासात दिसतं. मोतीबिंदूमुळे ज्यांना आयुष्याचे फक्त पहिले दोन ते सहा महिने दिसलं नव्हतं, त्यांना अनेक वर्षांनीही दोन चेहऱ्यांमधला नाक-डोळ्यांच्या अंतराचा बारीक फरक ओळखणं जड जात होतं. सोनीची तर नऊ वर्षं गेली होती.

कानाचंही असंच आहे आणि आपल्या भाषेला ते उदाहरण फार जवळचं. त आणि ट यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना ऐकूच येत नाही म्हटलं तरी चालेल. पण 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला हा फरक कळतो, आणि वर्षाची होता होता ती क्षमता ओसरते. ऐकण्याची ताकद जन्माची, पण टिकतं ते घरात ऐकू येणारं. ही गोष्ट मी सोनीच्या मायला सांगितली. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे डोये आले, पन डोयाची बोली नाई आली." मी इतकं वाचून जे मांडू शकले नव्हते ते तिने एका वाक्यात मांडलं.

दुसरा निर्णय: हात आवरायचा की सोडायचा

इथे माझी चूक झाली. डोळ्यांना काम मिळावं म्हणून सुरुवातीला मी घरच्यांना सांगितलं होतं की तिची काठी काढून घ्या, चाचपू देऊ नका, डोळे मिटून चालली तर टोका. आजी दिवसभर ओरडे, "हात नको लावू, पाय!" म्हणजे डोळ्याने पाहा. दोन आठवड्यांत पोरगी घराबाहेर पडेनाशी झाली. जी धुऱ्यावरून एकटी घरी येत होती ती न्हाणीपर्यंतही भिंत धरून जाऊ लागली. डोळ्याची बोली शिकवायला तिच्याकडे एकच मास्तर होता, तो म्हणजे तिचा हात, आणि मीच त्याला घराबाहेर काढलं होतं.

हेल्ड यांचा अभ्यास पुन्हा वाचताना ते ध्यानात आलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी घरी जाऊन ओसरीवर सगळ्यांसमोर माझी आधीची सूचना मागे घेतली. काठी परत दिली. वाट अनोळखी असेल किंवा ऊन-सावली असेल तेव्हा डोळे मिटून चालायलाही परवानगी दिली. आणि रोजचा पाऊण तासाचा नेम ठरवला.

आधी हात, मग डोळा, मग पुन्हा हात. गडवा (तांब्या), लाटणं आणि लाकडी बैल या तीन वस्तू काळ्या घोंगडीवर, एकमेकींपासून दूर ठेवायच्या. एक तिने डोळे मिटून चाचपायची, मग हात मागे घेऊन पाहायची आणि कुठली ते बोट दाखवून सांगायचं. चूक-बरोबर मी सांगायचं नाही, तिनेच हात लावून ठरवायचं. पहिल्या दिवशी दहापैकी चार वेळा बरोबर आलं, तीन वस्तूंत ते नुसत्या अंदाजानेही येतं. नवव्या दिवशी तीनही वस्तू ती न चुकता सांगत होती. मग वस्तू तिरप्या ठेवल्या, तर पुन्हा चुकली. आडवा पडलेला गडवा आणि उभा गडवा हे तिच्यासाठी दोन वेगळे गडवे होते. मग तिने स्वतःच युक्ती काढली. गडवा हातात धरून डोळ्यासमोर हळूहळू फिरवायची, आणि फिरताना तो एकच राहतो हे पाहायची. ही युक्ती मी शिकवलेली नव्हती.

घरात छोटे बदल केले. चुलीजवळच्या पायरीच्या कडेला चुन्याचा जाड पट्टा, ताटाखाली गडद कापड. बाबा तिच्याजवळ येताना हात हलवत येत, कारण हललेलं तिला आधी दिसे. बोटं मोजायला लावणाऱ्यांना आजीनेच अंगणातून परत पाठवायला सुरुवात केली. चष्मा वरच्या भागातून दूरचं आणि खालच्या भागातून जवळचं दिसणारा होता, कारण बसवलेलं भिंग नैसर्गिक भिंगासारखं जवळ-दूर जुळवून घेत नाही. तो कुठल्या भागातून कधी पाहायचं हेही वेगळं शिकवावं लागलं, आणि हे दवाखान्यात कोणी समजावलं नव्हतं.

काय साधलं, काय नाही

वर्षभराने चष्म्यासह तिची नजर 6/36 आली, सुरुवातीला ती 6/60 होती. म्हणजे साधारण नजरेला 36 मीटरवरून दिसतं ते तिला 6 मीटरवर यावं लागतं. डोळ्यांचं हलणं कमी झालं, थांबलं नाही. सावली आणि खड्डा यांतला फरक फेब्रुवारीत कळायला लागला. चेहऱ्यांचं मात्र अवघडच राहिलं. मायला ती दुरून चालण्यावरून ओळखते, शाळेतल्या मुलींना ओढणीच्या रंगावरून. दोघींनी ओढण्या बदलल्या तर फसते.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला तिचा लाकडी बैल इतर मुलांच्या बैलांच्या रांगेत ठेवला होता. ती रांगेवरून वाकून चालत गेली, एकाशी थांबली आणि म्हणाली, "हा." मग शिंगावरची जुनी खाच बोटाने चाचपून खात्री करून घेतली. बैल तिचाच होता.

आता ती पाचवीत आहे, एसटीने शेजारच्या गावी जाते. मोठ्या छपाईचं पुस्तक वाचते, पण हळू. ब्रेल अजून जलद वाचते. दोन्ही चालू ठेवायचं असं आम्ही ठरवलं आहे. काही शिक्षकांना हे पटत नाही. दिसतं तर ब्रेल कशाला, असं ते विचारतात. ओळी लांब आणि धडा मोठा असला की तिचे डोळे थकतात, बोटं थकत नाहीत, हे मी त्यांना सांगत असते.

पुन्हा अशी वेळ आली तर

सर्वांत मोठी चूक सोनी तान्ही असतानाची. तान्ह्या बाळाच्या बुबुळात पांढरं दिसलं तर "मोठी झाली की" हे उत्तर चालत नाही, त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जायला हवं. आजीला चौथ्या महिन्यात दिसलं ते जन्मतःच टॉर्चच्या उजेडात पाहणाऱ्याला दिसू शकलं असतं. आता आशाताई आणि अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत मी हे सांगते, आणि अंगणवाडीत न येणाऱ्या मुलांची वेगळी यादी मागते.

दुसरं, पट्टी उघडताना मी बाबांना तोंडावर हात धरू द्यायला नको होतं. आधी आठवडाभर घरच्यांशी बोलून, दिसणं हप्त्याहप्त्याने येईल हे समजावलं असतं तर तो क्षण परीक्षा झाला नसता.

आणि एक गोष्ट मला गेल्या दिवाळीत कळली. शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टर, आजी, बाबा, मी असे सगळे बोललो, पण सोनीला कोणी विचारलं नव्हतं. मी उशिराने विचारलं. ती म्हणाली, "मले वाटे का डोये आले का आवाज जाईन. एक देते तं एक घेते, असं आजी सांगे." त्या भीतीपायी ती शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री जागी राहून गोठ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकत पडली होती.